पटावर चाळीस, बाकावर किती?

निकालांचे दिवस सरत आले, मंडळी. सुपेला चौकातून सिव्हिक सेंटरकडे जाताना मान वर केली की अजून फ्लेक्स दिसतात. गोल चौकटीत हसरे चेहरे, खाली मोठ्या आकड्यात रँक, आणि त्याहून मोठ्या अक्षरात कोचिंगचं नाव. एकच मुलगा दोन वेगवेगळ्या कोचिंगच्या फ्लेक्सवर तितक्याच आनंदाने हसत असतो, तेव्हा जरा गंमत वाटते. घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच चाललंय. गुणपत्रिकेचा फोटो, पेढ्यांचा फोटो, आणि नागपूरच्या मावशीचा ठरलेला प्रश्न, "मग, पुढे काय?"

कौतुक व्हायलाच हवं. दोन वर्षं झोप मोडून अभ्यास केलेल्या पोराचा फोटो चौकात लागला तर आजी-आजोबांनी रिक्षा थांबवून बघावा, त्यात काही वावगं नाही. पण त्या फ्लेक्सवर एक गोष्ट बहुतेक वेळा नसते. शाळेचं नाव नसतं, आणि बारावी 'अ' की 'ब' हे तर कधीच नसतं. यंदाच्या बारावीने, वर्ग म्हणून, काय केलं? हा प्रश्न मी गेल्या महिन्यात ओळखीच्या पाच-सहा घरांत विचारला. मुलं आधी गोंधळली. मग कुणी सांगितलं की शिक्षक दिनाला मजा आली, कुणी फेअरवेलचे फोटो दाखवले. एका मुलीने मात्र सरळच सांगितलं, "काकू, आमचा वर्ग असा नव्हताच. पटावर चाळीस होते, येणारे आम्ही दहा-बाराच." आजचं पान तिच्यामुळे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. तुमच्याकडे दहावी झाली की मूल 'कॉलेजात' जातं. ज्युनिअर कॉलेज म्हणा, पण घरात बोलताना कॉलेजच. इथे भिलाईत बारावीपर्यंत शाळा. तोच गणवेश, तीच डायरी, केस वाढले की पीटीच्या सरांची तीच हाक. वडिलांपेक्षा वीतभर उंच झालेला मुलगा सकाळी प्रार्थनेला त्याच मैदानात उभा असतो जिथे पहिलीची पोरं नाक पुसत उभी असतात. पुण्याहून आलेल्या भाच्यांना याचं हसू येतं. "अजून युनिफॉर्म?" असं विचारतात.

पण यात एक फरक आहे जो चटकन लक्षात येत नाही. सोळाव्या वर्षी तुमच्याकडे मूल नव्या जागी जाऊन सगळ्यांत लहान होतं. आमच्याकडे ते त्याच वयात सगळ्यांत मोठं होतं. त्याच्या मागे अकरा इयत्ता असतात. सायकल स्टँडवर पाचवीच्या पोराची साखळी निघाली तर ती बसवायला कुणीतरी दादा असतो. मधल्या सुट्टीत सातवीच्या दोघांची जुंपली की बाई यायच्या आधी कुणीतरी दीदी मध्ये पडते. मोठं असण्याचं शिक्षण असं फुकटात मिळतं.

शाळेचं सगळं वर्ष बारावीच्याच खांद्यावर चालतं. जुलै-ऑगस्टात पदग्रहण होतं. हेड बॉय, हेड गर्ल, चार हाउसचे कॅप्टन, खांद्यावरून तिरका पट्टा, हातात झेंडा आणि माइकसमोर शपथ. मग पंधरा ऑगस्टचं संचलन. डिसेंबरात वार्षिकोत्सव, ज्यात एका बाजूला पंथी आणि सुआ नाच, दुसरीकडे भरतनाट्यम, आणि चार मराठी मुली जमल्याच तर लेझीम किंवा लावणी. ज्या शाळांत राष्ट्रीय सेवा योजना आहे तिथली मोठी मुलं सात दिवसांच्या शिबिरासाठी एखाद्या गावात राहायला जातात. नाली साफ करतात, भिंतींवर घोषणा रंगवतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा चाळीस माणसांचा भात लावतात. तो कच्चा राहतो किंवा करपतो. दोन्हीचे किस्से पुढे वर्षानुवर्षं चालतात.

मला या सगळ्यांत पाच सप्टेंबर फार आवडतो.

त्या दिवशी बारावी शाळा चालवते. आदल्या आठवड्यापासून घरात गडबड. मुलींना आईची साडी हवी असते. आई म्हणते सुती ने, मुलीला कांजीवरम हवी. शेवटी पिना लावून लावून मधलीच कुठली तरी नेसवली जाते. मुलगे वडिलांचा टाय बांधून येतात, तो कुणाला तरी मोबाइलवर बघून बांधावा लागतो. एक जण प्राचार्य, एक उपप्राचार्य, एक जण हट्टाने शिपाई होतो कारण त्याला घंटा वाजवायची असते. कुणी कुठल्या वर्गाला काय शिकवायचं याचं वेळापत्रक मुलंच बनवतात. ऐनवेळी दोघं आजारी पडतात, त्यांच्या तासाला कुणाला पाठवायचं हेही तीच बघतात. मग तिसरीच्या वर्गात जाऊन अपूर्णांक शिकवायचे. जेईईचे प्रश्न सोडवणाऱ्या मुलाला पाव म्हणजे काय हे आठ वर्षांच्या पोरीला समजावताना घाम फुटतो. चाळीस मिनिटांत घसा बसतो. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये, जिथे एरवी दार वाजवूनच जावं लागतं, ती सगळी पाय पसरून बसतात आणि म्हणतात, "हे रोज कसं करतात?"

या दिवसाचे कुठेही गुण नाहीत. प्रमाणपत्रही नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण भिलाईत वर्ग या गोष्टीला वेगळं वजन आहे. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, हे आज मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. पावणेदोन वर्षांत राज्यांची पुनर्रचना झाली, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ वेगळा झाला, आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं हे छोटं स्टेशन. नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावतीकडची माणसं गाडीत बसून आली. तशीच केरळातून, आंध्रातून, बंगालमधून, पंजाबातून आली, आणि आजूबाजूच्या छत्तीसगढी गावांतून तर चालत आली. सेक्टर आखले गेले, सेक्टरांत बाजार आला, दवाखाना आला, शाळा आली.

त्या शाळांच्या हजेरीपटावर देशातली सगळी आडनावं होती. बाकावर इंजिनिअर साहेबांचा मुलगा आणि त्याच खात्यातल्या खलाशाचा मुलगा शेजारी शेजारी बसत. कुणाचे वडील रात्रपाळी करून आले असतील तर त्या घरी दुपारी खेळायला जायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असे. मराठी घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. पुढे राज्यातून राज्य निघालं, २००० साली छत्तीसगढ झालं, पण हजेरीपट तसाच राहिला.

याच वर्गांतून नव्वदीच्या दशकात आणि पुढची काही वर्षं आयआयटीच्या यादीत भिलाईची नावं इतकी येऊ लागली की बाहेरचे लोक विचारू लागले, या गावच्या पाण्यात आहे तरी काय? पाण्यात काही नव्हतं. घरात इंजिनिअरिंग रोजच्या बोलण्यात होतं, शाळा बऱ्या होत्या, शिकवण्या शाळा सुटल्यावर असत, आणि मुख्य म्हणजे अभ्यास घोळक्याने होत असे. तेव्हा आयआयटीच्या परीक्षेत उत्तरं सविस्तर लिहावी लागत. पर्यायांना गोल करण्याची पद्धत पूर्णपणे २००६ मध्ये आली. सविस्तर उत्तर लिहायचं तर पायरी न् पायरी मांडता यायला हवी, आणि ती आधी मित्राला समजावून सांगताना पक्की होते. एकाला प्रकाश कळला, दुसऱ्याला सेंद्रिय रसायन, संध्याकाळी क्वार्टरच्या अंगणात देवाणघेवाण. त्या वर्षांत बारावी झालेल्या कुणालाही विचारा. तो स्वतःचा रँक सांगण्याआधी "आमच्या वर्गातून अमुक जण गेले" असं सांगेल. मला हे वाक्य ऐकायला आवडतं. हल्ली ते ऐकू येत नाही.

अभ्यासाबद्दलच बोलून चालणार नाही. सेक्टर १ मधल्या पंत स्टेडियमच्या बास्केटबॉल कोर्टावर प्रशिक्षक राजेश पटेल यांनी शाळकरी मुलींच्या तुकड्यांवर तुकड्या घडवल्या. छत्तीसगढच्या मुलींच्या संघाने राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं जो दबदबा ठेवला तो त्या कोर्टावरून आला. भारताकडून खेळलेली अंजू लाकडा याच मुशीतली. कानपूरची उंचच उंच पूनम चतुर्वेदी भिलाईत येऊन, राहून, खेळाडू झाली. पटेल सर २०१८ मध्ये गेले. त्या मुली सकाळी सराव करत, मग गणवेश घालून वर्गात बसत, संध्याकाळी पुन्हा कोर्टावर. त्यांची वही कुणीतरी भरून देत असे. राष्ट्रीय पदकात त्या वहीचा वाटा किती, ते कुठल्या फ्लेक्सवर लिहिता येणार?

आता त्या दहा-बारा मुलांच्या वर्गाकडे येते.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, मी नवं काही सांगत नाही. अकरावीला मूल एखाद्या शाळेत नावापुरतं दाखल करायचं. फी भरायची. शाळेत जायचं नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोचिंगला जायचं. परीक्षेपुरतं शाळेचं तोंड बघायचं. याला सगळे 'डमी' म्हणतात आणि बोलताना आवाजही खाली आणत नाहीत. काही जण मुलाला थेट कोटाला पाठवतात आणि तिथल्याच शाळेत नाव घालतात. महाराष्ट्रात हेच 'इंटिग्रेटेड' या गोंडस नावाने चालतं. त्याला आळा बसावा म्हणून तिथल्या सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता.

पालकांना दोष देणं सोपं आहे, आणि मला ते करायचं नाही. त्यांची बाजू खरी आहे. शाळा साडेसातला, सुटते दीड-दोनला. कोचिंग तीन ते आठ. घरी येऊन गृहपाठ. मूल झोपणार कधी? काही शाळांत भौतिकशास्त्राला वर्षभर शिक्षकच नसतो, मग तिथे पाठवून काय करायचं? आणि स्पर्धा तर बघा. जेईई मेनला दहा लाखांहून जास्त मुलं बसतात. त्यातली वरची अडीच लाख ॲडव्हान्स्डला पात्र होतात. देशातल्या सगळ्या आयआयटी मिळून जागा साधारण अठरा हजार. वडील प्लांटमधून निवृत्तीला आलेले, प्लांटमध्ये पूर्वीसारखी भरती नाही, त्यामुळे मुलाचं लवकर मार्गी लागणं ही चैन नसून गरज असते. ही भीती खोटी नाही.

पण हेच आकडे उलटून वाचा. दहा लाखांतून अठरा हजार. म्हणजे डमीत नाव घातलेल्या बहुतेक मुलांना शेवटी आयआयटी मिळणार नाही. ती दुसरीकडे कुठेतरी जातील, चांगलं करतील, यात शंका नाही. मात्र ती जातील तेव्हा त्यांच्याकडे रँकही नसेल आणि वर्गही नसेल. दोन वर्षांत त्यांनी कुठलं नाटक बसवलं नसेल, कुठल्या सामन्यात हरली नसतील, कुठल्या तिसरीच्या वर्गापुढे उभी राहिली नसतील. कोचिंगमध्ये शेजारी बसणारा मुलगा मित्र असतो, पण दर रविवारच्या टेस्टनंतर बॅच बदलते आणि शेजारीही बदलतो.

मनाचं जाऊ द्या, व्यवहाराचं बोलू. यातल्या दोन-तीन गोष्टी प्रवेशाच्या घाईत कुणी सांगत नाही.

पहिली एनआयटीची. प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. आणि 'त्या राज्यातला' म्हणजे कोण? आधार कार्डावर पत्ता कुठला, आजोबा कुठले, याला तिथे महत्त्व नाही. बारावी ज्या राज्यातून पास झालात ते तुमचं राज्य. भिलाईत जन्मलेला, सेक्टर ६ मध्ये वाढलेला मुलगा बारावी कोटाच्या शाळेतून झाला तर रायपूरच्या एनआयटीतल्या घरच्या जागांवर त्याचा हक्क राहत नाही. तो जयपूरच्या एनआयटीसाठी राजस्थानचा धरला जातो. तिकडे कोणत्या रँकला काय मिळतं आणि इकडे काय, याचा हिशेब प्रवेशाआधी करायला हवा, समुपदेशनाच्या दिवशी नाही. मराठी घरांसाठी आणखी एक. आपला जीव नागपूरच्या व्हीएनआयटीत अडकलेला असतो, मावशीचं घर जवळ म्हणून. पण छत्तीसगढमधून बारावी झालेल्या मुलाला तिथे बाहेरच्या राज्याच्या कोट्यातूनच जावं लागतं. आणि आपल्या उंबरठ्यावर, कुटेलाभाटाला, आयआयटी भिलाई आहे. २०१६ मध्ये सुरू झाली, २०२४ च्या फेब्रुवारीत कायमचा परिसर राष्ट्राला अर्पण झाला. तिथे मात्र घरच्या राज्याचा कोटाच नाही. भिलाईकर असण्याचा फायदा एवढाच, की पाहुणे आले की दुरून दाखवता येते.

दुसरी गोष्ट बारावीच्या गुणांची. "बोर्डाला कोण विचारतं?" असं सर्रास म्हणतात. आयआयटी-एनआयटी विचारतात. बारावीला पंचाहत्तर टक्के हवेत, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यायला हवं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट पासष्ट टक्क्यांची आहे. सीबीएसईत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे तीस-तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगशाळेत न गेलेल्या मुलालाही ते मिळतात म्हणे. मिळत असतीलही. पण व्हर्निअर हातात न धरलेला इंजिनिअर पुढे कारखान्यात काय करेल, हे प्लांटमधल्या कुठल्याही जुन्या फोरमनला विचारा. उत्तर छापण्यासारखं नसेल.

तिसरी हजेरीची. सीबीएसईचा पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम जुना आहे, पण आता तो नुसता कागदावर राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बोर्डाच्या पथकांनी राजस्थान आणि दिल्लीतल्या २७ शाळांत अचानक जाऊन पट आणि बाकं ताडून पाहिली. नोव्हेंबरात २१ शाळांची संलग्नता काढून घेतली, सहा शाळांचा दर्जा खाली आणला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलांना घ्यायचं नाही, शाळेत शिकणाऱ्यांचे वर्ग शाळेच्या वेळात घ्यायचे नाहीत, दिवसाला पाच तासांहून जास्त नाही. सूचना आहेत, अंमल राज्यांच्या हातात. तरी शाळेची मान्यता गेली तर त्या वर्षीच्या पोरांचं काय होतं, याचा विचार नाव घालण्याआधीच करायला हवा.

यात आणखी एक नुकसान आहे, त्याची कुठे नोंद होत नाही. ते बारावीचं नाही, सहावी-सातवीचं आहे. ज्या शाळेतून मोठी मुलं गायब होतात तिथे लहान्यांनी कुणाकडे बघायचं? पाच सप्टेंबरला शिकवायला तेवढे दादा-दीदी नसतात, म्हणून काही ठिकाणी तो कार्यक्रम नववी-अकरावीकडे गेला आहे. हाउस कॅप्टन नववीतून निवडतात. ती पोरं गोड काम करतात, पण चौदाचं मूल चौदाचंच असतं. सायकलची साखळी बसवणारा दादा आता सकाळी सहालाच कोचिंगच्या बसमध्ये बसून गेलेला असतो.

राज्याच्या बोर्डाची कथा जरा वेगळी आहे, तीही सांगायला हवी. छत्तीसगढ बोर्ड अजून पहिल्या दहांची यादी काढतं, सीबीएसईने ती बंद केली. २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल, आपल्याच जिल्ह्यातल्या पाटणचे आमदार, यांनी दहावी-बारावीच्या यादीतल्या मुलांना हेलिकॉप्टरमधून फेरी मारून आणली होती. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला ती कल्पना आवडली होती, कारण त्यात आडगावच्या साध्या सरकारी शाळांतली मुलंही होती, आणि ढगातून आपलं राज्य बघण्याचा मान त्यांना पैशाने नव्हे, गुणांनी मिळाला होता. एवढंच वाटलं, की ज्या शाळेत एका मुलीने हे केलं तिच्या सबंध वर्गाला एखादी बस करून मैत्री बागेत पाठवलं असतं तर? हेलिकॉप्टरच्या इंधनापेक्षा स्वस्तात झालं असतं, आणि पांढरे वाघ सगळ्यांनीच पाहिले असते.

ज्यांच्या घरी यंदा दहावी झाली आहे त्यांनी पुढच्या दोन आठवड्यांत शाळेत जाऊन काही साधे प्रश्न विचारावेत. अकरावी-बारावीच्या पटावर किती आणि मागच्या आठवड्यात रोज वर्गात किती होते? प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते? भौतिक, रसायन, गणिताला कायम शिक्षक आहेत का? शाळा सुटण्याची वेळ आणि कोचिंगची वेळ यांत जेवायला आणि तासभर झोपायला जागा आहे का? हा शेवटचा प्रश्न कोचिंगवाल्यांनाही विचारा, कारण संध्याकाळच्या बॅच असतात, त्या सांगितल्या जात नाहीत एवढंच. आणि शाळांनो, तुम्हीही जरा सरका. बारावीला डिसेंबरानंतर वेळापत्रक सैल करा, जुलैपासून आठवड्यातले दोन दिवस लवकर सोडा, पण बोलवा. शाळेने हात पुढे केला तर डमीकडे जाणारे काही तरी थांबतील, असं मला वाटतं. सगळे नाही.

मुलांनो, आता तुमच्याशी. तुम्ही हे पान कोचिंगच्या बसमध्येच वाचत असाल, मला कल्पना आहे. तुमच्यातल्या कुणी डमीत नाव घातलं असेल तर त्यावर आता रडत बसायचं कारण नाही. पाच सप्टेंबरची रजा टाका आणि शाळेत जा. एक दिवस. नाव पटावर आहे ना, मग गेटवर कुणी अडवणार नाही. जे नियमित जाताय त्यांनी यंदा एक काम करा. तुमच्या अकरावी-बारावीच्या वह्या, एनसीईआरटीची पुस्तकं, सोडवलेले जुने पेपर, सगळं रद्दीला न देता फेअरवेलच्या दिवशी शाळेतच ठेवून या. पुढच्या अकरावीत ज्याला सगळं नवं विकत घेणं जड जाईल त्याला बाईंनी द्यावं. अशी पेटी काही शाळांत आहे, बऱ्याच शाळांत नाही. ती ठेवायला कुणाची परवानगी लागते ते विचारा, बहुतेक कुणाचीच लागत नाही.

आणि मला लिहा. रँक नको, टक्के नकोत, कुणाची नावंही नकोत. तुमच्या बारावीने वर्ग म्हणून काय केलं तेवढं चार ओळींत. कुणी मैदानाच्या कडेला झाडं लावली असतील आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाळीपाळीने पाणी घातलं असेल. कुणी आजारी मित्रासाठी वह्या उतरवल्या असतील. कुणाचं नाटक स्टेजवर पडलं असेल, माइक बंद झाला असेल आणि तरी सबंध वर्गाने ओरडून ते पूर्ण केलं असेल. आजी-आजोबांनीही लिहावं. मध्य प्रदेशात अकरावीलाच हायर सेकंडरी होती त्या काळातलं, रशियन पाहुणे शाळेत आले होते तेव्हाचं, जे आठवेल ते. आलेल्या पत्रांपैकी निवडक पुढच्या महिन्यात याच पानावर देईन. पहिलं पत्र कुणाचं हे ठरलेलंच आहे. त्या दहा-बारा जणांच्या वर्गातल्या मुलीने कबूल केलंय. ती म्हणाली, "काकू, आम्ही कमी होतो, पण वार्षिकोत्सवाचं सगळं स्टेज आम्हीच उभं केलं. ते लिहिलं तर चालेल?"